झोपेची गोळी आणि घेणाऱ्याचा स्वभाव

झोपेची एकच गोळी, त्याच मात्रेत, दोन माणसांना सुरू झाली तर एकाची ती पंधरा दिवसांत सुटते आणि दुसऱ्याच्या उशाशी पंधरा वर्षे राहते. वय, आजार आणि इतर औषधे यांचा त्यात वाटा असतोच. पण गोळी केव्हा मागायची, किती दिवस घ्यायची, एक रात्र वाईट गेली की काय करायचे आणि ती सोडताना होणारा त्रास कसा सोसायचा, हे बरेचसे घेणाऱ्याच्या स्वभावावर ठरते. ‘स्वभावाला औषध नाही’ ही म्हण खरी मानली तरी औषधाला स्वभाव लागू होतो, आणि ही बाजू सहसा चिठ्ठीवर लिहिलेली नसते.

छत्रपती संभाजीनगरच्या गुलमंडी, पैठण गेट, औरंगपुरा या भागांतल्या मेडिकल दुकानांत त्याच त्या शंका विचारल्या जातात. शेजारणीला अर्ध्या गोळीने झोप लागते, मला एका गोळीनेही का लागत नाही? इतकी वर्षे घेतो आहे, आता सवय लागली म्हणायची का? आणि मागच्या महिन्यापर्यंत मिळणारी गोळी आता नव्या चिठ्ठीशिवाय का मिळत नाही? पहिल्या दोन प्रश्नांचे उत्तर बऱ्याच अंशी स्वभावात आहे. तिसऱ्याचे कायद्यात आहे, आणि थोडे या शहराच्या अलीकडच्या अनुभवातही.

स्वभाव म्हणजे इथे काय

मानसशास्त्रात माणसाचा स्वभाव साधारणपणे पाच गुणांवर मोजला जातो: भावनिक अस्थिरता (म्हणजे पटकन काळजी, चिडचिड, खिन्नता येण्याची प्रवृत्ती), काटेकोरपणा, बहिर्मुखता, नवे स्वीकारण्याची वृत्ती आणि जुळवून घेण्याची वृत्ती. प्रत्येक गुण प्रत्येकात असतो, फरक मात्रेचा. झोपेच्या संदर्भात या पाचांपैकी पहिल्याचा संबंध सर्वांत ठळक आणि सातत्याने दिसतो. काळजीखोर माणसांत निद्रानाशही जास्त आढळतो आणि झोपेच्या गोळीचा वापरही. दुसरा, काटेकोरपणा, दुधारी आहे. उरलेल्या तिघांचा संबंध इतका फिका आणि अस्थिर आहे की निर्णय घेताना त्यांचा विचार न केला तरी चालतो.

एक सावधगिरी मात्र आधीच हवी. हे संबंध शेकडो माणसांच्या सरासरीतून येतात. काळजीखोर स्वभावाच्या माणसाची गोळी सुटणार नाही असा त्याचा अर्थ नाही. शिवाय यात डॉक्टरांचाही वाटा असतो: जो रुग्ण झोपेविषयी पुन्हा पुन्हा तक्रार करतो त्याच्या चिठ्ठीवर गोळी लवकर उतरते. ओपीडीतल्या गर्दीत ऐकून घेण्यापेक्षा लिहून देणे सोपे असते.

बी, निमित्त आणि खतपाणी

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ आर्थर स्पीलमन यांनी १९८० च्या दशकात निद्रानाशाची मांडणी तीन घटकांत केली. माणसाला निद्रानाशाकडे झुकवणारे काही मुळातच असते. मग एखादे निमित्त घडते. आणि निमित्त संपल्यावरही झोप परत येत नाही, कारण दरम्यान लागलेल्या सवयी तिला येऊ देत नाहीत. स्वभाव पहिल्या घटकात बसतो. गोळी बहुधा दुसऱ्यासाठी सुरू होते आणि बघता बघता तिसऱ्यात जाऊन बसते.

जुन्या शहरात निमित्तांची कमतरता नाही. नळाला कित्येक दिवसांनी पाणी येते आणि ते कधी मध्यरात्री, कधी पहाटे. ज्या घरात टाकी भरायची जबाबदारी एकाच व्यक्तीवर असते तिथे ती व्यक्ती पाण्याच्या रात्री झोपतच नाही, आणि काळजीखोर असेल तर आदल्या रात्रीही नाही. गुलमंडीवरच्या दुकानदाराला दिवाळीची उधारी आणि मार्चअखेरचे हिशेब असतात. वाळूज आणि शेंद्रा एमआयडीसीतल्या कामगारांची पाळी आठवड्याला बदलते. यांतल्या कोणत्याही कारणाने झोप बिघडू शकते, आणि बहुतेकांची ती दोन-तीन आठवड्यांत आपोआप रुळावरही येते.

एका दुकानदाराचे कल्पित उदाहरण घेऊ. मार्चमध्ये हिशेब जुळेना, दहा रात्री झोप लागली नाही, ओळखीच्या डॉक्टरांनी ०.२५ मिलिग्रॅम अल्प्राझोलाम लिहून दिले. झोप लागली. एप्रिलमध्ये हिशेब मिटले. गोळी बंद केली, त्या रात्री डोळ्याला डोळा लागला नाही. त्याने अर्थ काढला: ‘आजार अजून आहे.’ वास्तविक ती गोळी सोडल्याची प्रतिक्रिया होती. गोळी अचानक थांबवली की काही रात्री झोप पूर्वीपेक्षाही वाईट होते आणि मग हळूहळू सावरते. स्वभावाने निवांत असलेला माणूस ‘बघू, उद्या लागेल’ म्हणून दोन रात्री काढतो. काळजीखोर माणूस तिसऱ्या रात्रीपर्यंत थांबत नाही. गोळी पुन्हा सुरू होते, आणि या वेळी तिच्यासोबत एक समजूतही रुजते की हिच्याशिवाय आपल्याला झोप नाही. हीच समजूत पुढे गोळीपेक्षा अवघड ठरते.

आपला कल कुठे आहे ते ओळखा

पुढची वर्णने चाचणी नव्हेत. तुम्ही यांतल्या दोन-तीनमध्ये थोडे थोडे सापडाल. जिथे जास्त सापडाल त्या वर्णनातले धोके तुमच्यासाठी पहिले.

काळजीखोर. अंथरुणावर पडल्यावर दिवसाचा हिशेब सुरू होतो. घड्याळ दर वीस मिनिटांनी पाहिले जाते आणि ‘आता लागली तरी चारच तास मिळतील’ असे गणित चालते. गोळी बऱ्याचदा झोपेसाठी नव्हे, तर झोप लागणार नाही या भीतीसाठी घेतली जाते: उद्या मुलीला बघायला पाहुणे येणार आहेत, उद्या कोर्टाची तारीख आहे. हिचा उपयोग विम्यासारखा होतो आणि विमा कोणी मधेच सोडत नाही. अशा व्यक्तीने गोळी सुरू करण्यापूर्वीच बंद करण्याची तारीख डॉक्टरांकडून लिहून घ्यावी आणि ‘बंद केल्यावर पहिल्या आठवड्यात काय होईल?’ हे विचारून ठेवावे. त्रास येणार हे आधी माहीत असले की तो आजार वाटत नाही.

काटेकोर. सगळे वेळच्या वेळी आणि ठरल्याप्रमाणे हवे असते. असा माणूस झोपेची गोळीही बीपीच्या गोळीसारखी घेतो: रात्री दहा म्हणजे दहा, गरज असो वा नसो. त्यामुळे आज गोळीशिवाय झोप लागली असती का, हे त्याला वर्षानुवर्षे कळतच नाही. त्यात ‘आठ तास झालेच पाहिजेत’ हा आग्रह आणि मनगटावरचे झोप मोजणारे घड्याळ आले की सहा तासांची चांगली झोपही अपुरी वाटू लागते. मनगटी घड्याळ गाढ झोप किती झाली याचा अंदाजच देते; त्या आकड्यावरून मात्रा वाढवणे चूक. मात्र गोळी सोडायची वेळ येते तेव्हा हाच स्वभाव कामी येतो. ठरवून दिलेला कमी करण्याचा तक्ता काटेकोर माणसाइतका नीट कोणी पाळत नाही.

उतावळा. लगेच परिणाम हवा असतो. अर्ध्या तासात झोप लागली नाही की दुसरी गोळी, कधी तिच्यावर एखादा पेग. या स्वभावात धोका सवयीपेक्षा आधी अपघाताचा आहे. दारू आणि झोपेची गोळी दोन्ही श्वसन मंदावतात. एकत्र घेतल्यास जीव जाऊ शकतो. अशा व्यक्तीने एका वेळी एका आठवड्याच्याच गोळ्या घ्याव्यात आणि त्या घरातल्या दुसऱ्या माणसाकडे ठेवाव्यात. पूर्वी दारू किंवा इतर नशेची सवय असेल तर ते डॉक्टरांपासून लपवू नये. या एका माहितीने औषधाची निवड पूर्ण बदलू शकते.

भिडस्त आणि दुसऱ्यावर विसंबणारा. ‘डॉक्टरांनी बंद करा म्हटले नाही’ म्हणून गोळी चालू राहते, आणि डॉक्टरांना वाटते रुग्णाला हवी आहे. दोन्ही बाजूंच्या या भिडेत वर्षे जातात. ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञ पीटर टायरर यांच्या १९८० च्या दशकातल्या अभ्यासात, दीर्घकाळ डायझेपाम घेतलेल्या रुग्णांपैकी परावलंबी स्वभावाच्यांना ते सोडताना जास्त त्रास झाल्याचे दिसले. अशा व्यक्तीने एकट्याने गोळी सोडण्याचा प्रयोग करू नये. दर पंधरा दिवसांनी ठरलेली भेट आणि घरातले एक माणूस सोबत, एवढ्याने फार फरक पडतो.

रात्री उशिरापर्यंत जागणारा. हा वस्तुतः स्वभावापेक्षा शरीराच्या घड्याळाचा प्रश्न आहे. दुकान बंद करून रात्री अकराला घरी येणाऱ्या, मग जेवून, मोबाइल पाहून दीडला आडव्या होणाऱ्या माणसाला दहाला झोप येत नाही, यात आजार काही नाही. सुट्टीच्या दिवशी तो दीड ते नऊ गाढ झोपत असेल तर त्याला झोपेची गोळी नव्हे, उठण्याची ठरलेली वेळ आणि सकाळचे ऊन हवे.

‘स्वभावच असा’ म्हणून सोडून देऊ नका

इथे सर्वांत मोठी चूक होते. नैराश्य, थायरॉईडचे विकार, घोरण्यासोबत झोपेत श्वास अडकणे, पायांतली अस्वस्थता, प्रोस्टेटमुळे रात्री वारंवार उठणे, या सगळ्यांत झोप मोडते. घरचे मात्र म्हणतात, ‘तिचा स्वभावच पहिल्यापासून काळजीचा.’ पहिल्यापासूनचा स्वभाव आणि गेल्या तीन महिन्यांतला बदल यांत फरक करा. पहाटे तीन-चारला जाग येऊन पुन्हा झोप न लागणे, आवडीच्या गोष्टींत रस न उरणे, भूक मरणे, जगण्याचा कंटाळा येणे ही लक्षणे असतील तर उपचार नैराश्याचा व्हायला हवा. नुसत्या झोपेच्या गोळीने तो लांबतो. झोपेत श्वास अडकत असेल तर गोळी उलट धोक्याची ठरू शकते. जोरात घोरणे, मधेच श्वास थांबून धाप लागणे आणि दिवसा बसल्या जागी डुलकी लागणे हे तिन्ही असेल तर गोळीआधी त्याची तपासणी करून घ्या.

गोळीविषयी निर्णयापुरते

चिठ्ठीवर बहुधा दोन गटांतली नावे असतात. अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम, लोराझेपाम, डायझेपाम, नायट्राझेपाम हा बेंझोडायझेपाइन गट. झोल्पिडेम त्याच धर्तीवर काम करते, पण शरीरातून लवकर बाहेर पडते. झोपेसाठी या गोळ्या थोड्या काळापुरत्या आहेत. ब्रिटनमध्ये डॉक्टरांना दिलेली मर्यादा दोन ते चार आठवड्यांची आहे.

आकड्याने फसू नका. ‘पॉइंट पाचचीच तर आहे’ हे वाक्य फार ऐकू येते. न्यूकॅसलमध्ये या गोळ्या सोडवण्याचे क्लिनिक चालवलेल्या हेदर ॲश्टन यांच्या तक्त्यानुसार ०.५ मिलिग्रॅम अल्प्राझोलाम किंवा तेवढेच क्लोनाझेपाम हे ढोबळमानाने १० मिलिग्रॅम डायझेपामच्या तोडीचे आहे. आकडा लहान म्हणजे औषध सौम्य, असे नव्हे.

शरीरात गोळी किती काळ राहते यालाही महत्त्व आहे. झोल्पिडेम निम्मे व्हायला साधारण अडीच तास लागतात, क्लोनाझेपामला तीस ते चाळीस. म्हणजे क्लोनाझेपाम रोज घेणाऱ्याच्या अंगात कालची गोळी आजही असते. सकाळी जालना रोडवर दुचाकी काढताना हे लक्षात असू द्या. स्त्रियांच्या शरीरातून झोल्पिडेम सावकाश बाहेर पडते. म्हणून अमेरिकेच्या औषध नियामकाने २०१३ मध्ये स्त्रियांसाठी साध्या गोळीची सुरुवातीची मात्रा १० वरून ५ मिलिग्रॅमवर आणली. त्याच नियामकाने २०१९ मध्ये झोल्पिडेमवर झोपेत चालणे, झोपेत वाहन चालवणे यांचा ठळक इशारा छापायला लावला. असे एकदा जरी घडले तरी ते औषध पुन्हा घ्यायचे नाही.

साठी-पासष्टीनंतर हिशेब आणखी बदलतो. रात्री लघवीला उठताना तोल जातो, खुब्याचे हाड मोडते. स्मृती ढिली पडते आणि घरचे त्याला ‘वय झाले’ म्हणतात. वयस्कांनी झोपेसाठी सर्दीची गोळी घेणेही तितकेच वाईट; तिने लघवी अडू शकते आणि गोंधळल्यासारखे होऊ शकते.

मेडिकलमध्ये चिठ्ठी का मागतात

औषध व सौंदर्यप्रसाधन नियमांतली ‘शेड्यूल एच-१’ ही यादी १ मार्च २०१४ पासून लागू आहे. अल्प्राझोलाम, डायझेपाम, नायट्राझेपाम, झोल्पिडेम तिच्यात आहेत. ही औषधे विकताना दुकानदाराला स्वतंत्र वहीत डॉक्टरांचे नाव-पत्ता, रुग्णाचे नाव, औषध आणि संख्या लिहावी लागते आणि ती वही तीन वर्षे जपावी लागते. बेंझोडायझेपाइन गटातली बरीच औषधे १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याखालीही येतात.

शहरात याला आणखी एक पदर आहे. छत्रपती संभाजीनगरमध्ये नशेसाठी विकल्या जाणाऱ्या या गोळ्यांना ‘बटन’ म्हणतात आणि पोलिस कारवाईच्या बातम्यांत हा शब्द सतत येतो. साहजिकच दुकानदार सावध झाले आहेत. साठ वर्षांच्या आजींना चिठ्ठी मागितली की त्या अपमान वाटून घेतात. पण वहीत नाव लिहिणे म्हणजे संशय घेणे नव्हे. उलट जो दुकानदार चिठ्ठी न पाहता स्ट्रिप काढून देतो, त्याच्याविषयीच विचार करावा.

दुकानात हे पाळा:

- चिठ्ठी ताजी असावी, तिच्यावर औषध किती दिवसांसाठी ते लिहिलेले असावे.
- बिल मागा. बिलावर बॅच नंबर आणि मुदतीची तारीख असते.
- पूर्ण स्ट्रिप घेण्याची सक्ती मानू नका. चिठ्ठीवर दहा दिवस असतील तर दहाच गोळ्या मागा.
- पाकिटावर घटकच लिहिलेले नाहीत अशा ‘हर्बल’ पुड्या आणि सुट्या गोळ्या घेऊ नका.

गोळी सुरू करण्यापूर्वी

डॉक्टरांकडे जाताना दोन आठवड्यांची झोपेची नोंद घेऊन जा: कधी पडलात, अंदाजे कधी झोप लागली, किती वेळा उठलात, कधी उठलात, दुपारी डुलकी घेतली का, चहा शेवटचा कधी. घड्याळ पाहत बसून नव्हे, सकाळी उठल्यावर अंदाजाने. काळजीखोर व्यक्तींना ही वही भरतानाच एक शोध लागतो की ‘रात्रभर झोप नाही’ वाटलेल्या रात्रीही चार-पाच तास झोप झालेली असते.

मग स्वभावाचे दोन शब्द बोला. ‘मी छोट्या गोष्टीचीही फार काळजी करते’, ‘मला सवय लवकर लागते, तंबाखू सोडायला सहा वर्षे लागली’, ‘मी स्वतःहून औषध बंद करणारा नाही, तुम्हीच सांगा’. डॉक्टर हे विचारतीलच असे नाही, पण सांगितल्यावर कानाआड करणार नाहीत. शेवटी विचारा: हे औषध कोणत्या गटातले? किती दिवस? बंद कसे करायचे? गोळीशिवाय दुसरा पर्याय आहे का?

पर्याय: झोपेची वर्तनचिकित्सा

पर्याय आहे, आणि तो पहिल्या क्रमांकाचा आहे. अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स या डॉक्टरांच्या संस्थेने २०१६ मध्ये, आणि त्यानंतर युरोपातल्या तज्ज्ञांनी, जुनाट निद्रानाशासाठी आधी वर्तनचिकित्सा आणि मग गरज पडली तर औषध असा क्रम सांगितला. तिची बैठक साधी आहे:

- रोज उठण्याची वेळ एकच. रात्र कशीही गेली तरी.
- झोप आल्यावरच अंथरुणावर जायचे. साधारण वीस मिनिटांत लागली नाही असे वाटले तर उठून दुसऱ्या जागी मंद उजेडात बसायचे, झोप आली की परत.
- अंथरुण झोपेपुरते. मोबाइल, हिशेबाची वही, घरचे वाद बाहेर.
- झोपून राहण्याचा वेळ प्रत्यक्ष झोपेइतका आखडायचा. नोंदीप्रमाणे सरासरी साडेपाच तास झोप होत असेल तर सुरुवातीला अंथरुणावरचे तासही तेवढेच, पाचांपेक्षा कमी कधीच नाही. मग झोप भरत जाईल तसे वाढवायचे.

शेवटची पायरी मिरगी, बायपोलर आजार असलेल्यांनी किंवा रात्री वाहन चालवणाऱ्यांनी स्वतःहून करू नये. जुन्या वाड्यात, दोन खोल्यांत सहा माणसे झोपतात तिथे ‘दुसऱ्या जागी जाऊन बसा’ हे सांगणे सोपे आणि करणे अवघड आहे. अंथरुणावरच उठून भिंतीला टेकून बसले तरी उद्देश साधतो. ज्या रात्री पाणी येणार ती रात्र नोंदीत वेगळी दाखवा. तिच्यावरून निष्कर्ष काढायचा नाही.

काळजीखोर स्वभावासाठी आणखी एक उपाय आहे: संध्याकाळी पंधरा मिनिटे ‘काळजीची वेळ’ ठरवायची, मनातले कागदावर उतरवायचे, समोर उद्याची एक कृती लिहायची आणि वही मिटायची. वाचताना हसू येईल, पण रात्री अकराला सुरू होणारा हिशेब सात वाजता आटोपतो. काटेकोर माणसाने मात्र या सगळ्या नियमांचाच परीक्षेसारखा ताण घेऊ नये. एखादी रात्र नियम मोडला म्हणून उपचार वाया जात नाही.

बरीच वर्षे घेत असाल तर

एकदम बंद करू नका. दीर्घकाळ घेतलेली बेंझोडायझेपाइन अचानक थांबवल्यास घबराट, थरथर आणि क्वचित आकडीही येते. असे बंद पडणे बहुतेकदा ठरवून होत नाही. पैठणला नाथषष्ठीला गेले आणि स्ट्रिप घरीच राहिली. शस्त्रक्रियेसाठी भरती झाले आणि ही गोळी सांगायची राहून गेली. अधिक महिन्यात ‘आता सोडूनच देऊ’ असे ठरले. प्रवासात चिठ्ठी आणि गोळी दोन्ही जवळ ठेवा. भूलतज्ज्ञाला गोळीचे नाव सांगाच.

कमी करण्याचा वेग डॉक्टर ठरवतात. सध्याच्या अमेरिकी मार्गदर्शनानुसार सुरुवातीला दर दोन ते चार आठवड्यांनी मात्रेचा पाच ते दहा टक्के भाग कमी करण्याचा विचार होतो आणि दोन आठवड्यांत २५ टक्क्यांहून जास्त कपात टाळली जाते. शेवटची पाव गोळी सोडायला पहिल्या अर्ध्या गोळीपेक्षा जास्त वेळ लागतो. त्यात अपयश काही नाही. स्वभावाप्रमाणे वेग बदलून मागता येतो. काळजीखोर व्यक्तीला छोट्या पायऱ्या बऱ्या पडतात. उतावळी व्यक्ती पहिल्या आठवड्यात बरे वाटले की पुढच्या तीन पायऱ्या एकदम उतरते आणि कोसळते; तिच्या तक्त्यावर तारखा पक्क्या हव्यात.

‘माझा स्वभाव पाहता माझी सुटणार नाही’ असे म्हणणाऱ्यांसाठी कॅनडातले दोन अभ्यास उपयोगाचे आहेत. चार्ल्स मोरिन यांच्या २००४ च्या अभ्यासात दीर्घकाळ बेंझोडायझेपाइन घेणाऱ्या ७६ वयस्कांना तीन गटांत विभागले. नुसती मात्रा कमी केलेल्यांपैकी ४८ टक्के, नुसती वर्तनचिकित्सा दिलेल्यांपैकी ५४ टक्के आणि दोन्ही दिलेल्यांपैकी ८५ टक्के उपचाराअखेर गोळीमुक्त झाले. दुसरा २०१४ चा: औषध दुकानांमार्फत निवडलेल्या वयस्कांना गोळीचे धोके आणि ती टप्प्याटप्प्याने कमी करण्याची पद्धत सांगणारी एक पुस्तिका घरी पाठवली. सहा महिन्यांत त्यांच्यातल्या २७ टक्क्यांनी गोळी सोडली. पुस्तिका न मिळालेल्यांत हे प्रमाण ५ टक्के होते. कोणाचाही स्वभाव त्यासाठी बदलावा लागला नाही. तसा स्वभावही दगडावरची रेघ नाही. वयाबरोबर आणि उपचाराने काळजीखोरपणा कमी होताना दिसतो, पण गोळी सोडण्यासाठी त्याची वाट पाहण्याची गरज नाही.

आणि काहींची सुटत नाही. पंचवीस वर्षे घेतलेली, ऐंशीच्या घरातली व्यक्ती निम्म्या मात्रेवर स्थिरावली तरी पडण्याचा धोका घटतो. तेवढ्यावर थांबणे हाही डॉक्टरांशी बोलून घेतलेला योग्य निर्णय असू शकतो.

कुठे जावे

१९५६ मध्ये स्थापन झालेल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय, म्हणजेच घाटी, इथे मनोविकृतीशास्त्र विभाग आहे. केसपेपर काढून थेट जाता येते. चिकलठाण्याचे जिल्हा रुग्णालय, लोकांच्या तोंडी ‘मिनी घाटी’, हा दुसरा पर्याय. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार मोफत आहेत. घराबाहेर पडायचे नसेल तर केंद्र सरकारची टेली-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, मोफत आणि मराठीतही मिळते. मनोविकारतज्ज्ञाकडे जाणे म्हणजे वेड लागणे नव्हे हे आता बहुतेकांना पटते; तरीही पैठण गेटला कोणी ओळखीचे पाहील म्हणून जे जात नाहीत, त्यांना फोनचा मार्ग बरा.

तुमचे हक्क

२०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा झोपेच्या तक्रारीसाठी मनोविकारतज्ज्ञाकडे उपचार घेणाऱ्यालाही उपयोगी पडतो.

- उपचार काय, त्याचे दुष्परिणाम काय आणि पर्याय काय, हे समजेल अशा भाषेत विचारण्याचा हक्क.
- गोपनीयता. दुकानातला भागीदार, कारखान्यातला वरिष्ठ किंवा होणारे व्याही यांना तुमच्या संमतीशिवाय माहिती देता येत नाही.
- आरोग्य विम्यात मानसिक आजाराला शारीरिक आजाराप्रमाणेच वागणूक.

याशिवाय वैद्यकीय आचारसंहितेच्या २००२ च्या नियमांनुसार रुग्णाने मागितल्यास डॉक्टरांनी ७२ तासांच्या आत नोंदी द्यायच्या असतात. डॉक्टर बदलताना त्या मागून घ्या, नाहीतर नवे डॉक्टर नव्या नावाने तेच औषध सुरू करण्याची शक्यता राहते.

तातडीने केव्हा

गोळी घेतलेला माणूस हाक मारूनही उठत नसेल, श्वास अगदी संथ किंवा घरघरता असेल, गोळ्या जास्त घेतल्याचा संशय असेल, किंवा गोळी थांबवल्यानंतर आकडी आली असेल तर १०८ ला फोन करा. ओकारी काढायचा प्रयत्न करू नका, कुशीवर झोपवा, रिकामी स्ट्रिप सोबत न्या. जीव नकोसा झाल्याचे कोणी बोलत असेल तर घरातल्या सगळ्या गोळ्या आधी कुलपात ठेवा.

गोळी सुटल्यावर उरलेली स्ट्रिप ‘असू द्या, लागली तर’ म्हणून कपाटात ठेवली जाते. ती शेजारणीला द्यायची नाही, कामवाल्या मावशींनाही नाही. गोळ्या स्ट्रिपमधून काढून चहाच्या चोथ्यात किंवा मातीत कालवा, बंद पिशवीत घालून औषधांचा कचरा म्हणून वेगळ्या द्या, आणि डब्यावरचे किंवा चिठ्ठीवरचे नाव फाडून टाका.